मोठ्या अक्षरांत

४ मार्च
सतरावी स्लाइड परत आली! "हे-रिम, गर्दी फार झालीय. लोकांनी वाचायचं की माझं ऐकायचं?" – इति यून सर. समुद्राचं खारं पाणी जमिनीखालून भातखाचरांत कसं शिरतं, ते बुसानच्या परिषदेत सरांना बारा मिनिटांत सांगायचंय. सात वर्षं त्यांच्या हाताखाली पीएचडी करतेय, त्यांच्या स्लाइड्स मीच करते. आजवर हेच सर एकेका स्लाइडवर चार-चार आलेख कोंबायला लावायचे.

९ मार्च
चार आलेखांचा एक केला. खारं पाणी लाल, गोडं निळं. बरा दिसतो, खरंच. सर बराच वेळ बघत राहिले. मग – "बाणावर लिही, पाणी कुठून कुठे जातं ते." अहो, बाण आहे ना! लिहिलं.

१५ मार्च
आता प्रत्येक स्लाइडवर एकच पूर्ण वाक्य हवंय. मोठ्या अक्षरांत. दोन वर्षं विहिरींचा खारटपणा मोजत हिंडले, ती सगळी एका वाक्यात संपली. तॅ-ग्यू दादा, आमच्या प्रयोगशाळेतला सगळ्यात जुना, जेवताना किमची चावत म्हणाला, "म्हातारा बालवाडीत शिकवायला निघालाय! तू प्रबंध चित्रकलेच्या बाईंकडे दे." सगळे हसले. मीही हसले. खोलीवर येऊन रडले.

२० मार्च
आभाराच्या स्लाइडवर नेहमीसारखा आमचा एकत्र फोटो लावला. "प्रत्येकाखाली नाव टाक. मोठं." सहाच तर माणसं आहोत!

२८ मार्च, बुसान
टाळ्या थांबेनात. पुढच्या रांगेतले एक आजोबा म्हणाले, "भूजल आज पहिल्यांदा कळलं."
मध्ये सर एकदा अडले. थेट माझ्याकडे बघितलं. मी रागातच होते, मान खाली घातली. मग त्यांनी स्लाइडवरचं वाक्य वाचलं आणि पुढे गेले. शेवटी आभार मानताना पडद्याकडे वळून माझं नाव वाचलं. वाचलं! सात वर्षांनी! एवढीच किंमत माझी. पदवी हातात पडली की या माणसाचं तोंड बघणार नाही.

२९ मार्च
सगळे मासे खायला गेले. मी नाही.

५ एप्रिल
सर आठवडाभर आलेले नाहीत. आज त्यांच्या पत्नी त्यांची इथली खोली आवरायला आल्या. म्हणाल्या, "डॉक्टरांनी हिवाळ्यातच सांगितलं होतं, हळूहळू सगळं विसरणार. हे मला म्हणाले, एवढं एक भाषण पार पडू दे, कुणाला बोलू नकोस."

६ एप्रिल
आवरायला मदत करताना त्यांच्या टेबलाच्या खणात आभाराच्या स्लाइडचा छापील कागद मिळाला. घड्या पडून मऊ झालेला. माझ्या फोटोखाली पेन्सिलीनं लिहिलंय – 'स्लाइड्स हीच करते. अडलं तर हिच्याकडे बघायचं.'
बघितलं होतं त्यांनी.