अर्धी पात

अव्वा, माझे आई, तू तव्यावरची भाकरी चुलीच्या तोंडाशी उभी केलीस आणि मला म्हणालीस, "फुगली की काढ, मी खुरप्याला धार लावते." उंबऱ्याबाहेरच्या दगडावर पाणी शिंपडून तू पातं घासत बसलीस. मी भाकरीवर शेंगाची चटणी ठेवून फडक्यात बांधली. रोजच्यासारखीच सकाळ होती. तू मनात काय ठरवलंयस ते मला कळलंच नव्हतं.

खजुरी गावच्या शिवारात तुरीची खुरपणी चालली होती. बायका ओळीनं बसायच्या, प्रत्येकीची जमिनीची आपापली पट्टी, तीच तिची पात. एखादी मागं राहिली तर शेजारणी तिची पात थोडी थोडी आपल्यात ओढून घ्यायच्या. तिला सोडून पुढं जायचं नाही, हा बायकांचा रिवाज. त्या दिवशी अर्ध्या पातीवर तू खुरपं खाली ठेवलंस आणि मांडी घातलीस. मालक बांधावरून ओरडला, "काय गं, पाय दुखायलेत का?"

"पाय न्हाई मालक, मजुरी दुखायली."

बायका हसल्या. त्यानं बाकीच्यांना पुढं सरकायला सांगितलं, पण तुला ओलांडून कुणी गेली नाही. एकेक करून सगळ्यांची खुरपी खाली आली. "उद्यापासून येऊ नका," म्हणून तो निघून गेला. दुसऱ्या सकाळी तू पुन्हा भाकरी बांधायलीस. मी म्हणाले, "आता कामून चाललीस? त्यानं नको म्हटलंय न्हवं?" तू म्हणालीस, "पात अर्धी हाय माझी." आणि जाऊन त्याच जागी बसलीस. गवत काही मालकाचं ऐकत नाही, ते वाढतच होतं. शेवटी मजुरी वाढवून द्यायला त्यालाच यावं लागलं.

तू जाऊन किती वर्षं झाली. आता मी शाळेत लेकरांचा दुपारचा भात शिजवते. तुझे जावई गेल्यापासून तेवढ्यावरच माझं घर आहे. स्वयंपाकाच्या खोलीला लागूनच पहिलीचा वर्ग. तिथली बाराखडी ऐकत, खिडकीतून फळा बघत मी लिहा-वाचायला शिकले. आम्हाला देतात त्याला मानधन म्हणतात, आणि महिना सरायच्या आधीच ते सरतं.

म्हणून ते वाढवून मागायला आम्ही शिजवणाऱ्या बायकांनी आळंदला तालुक्याच्या कचेरीसमोर बसायचं ठरवलं. फाटकावर कागद चिकटवलेला होता, तो मीच बायकांना वाचून दाखवला. इथं बसायला मनाई, बसेल त्याला अटक. माझ्यासोबत शिजवणारी अक्का म्हणाली, "तुला वाचता यायलाच नको होतं बघ. बिनघोर बसलो असतो."

शाळेत सर मला म्हणाले, "अक्का, काम जाईल तुमचं. आणि लेकरांच्या तोंडचा घास काढायलात व्हय?" काम जाण्याची भीती होतीच, पण घासाचं बोलणं जास्त लागलं. आदल्या दिवशी आम्ही घरोघर फिरून सांगितलं, उद्या पोरांसोबत भाकरी द्या. एक म्हातारी म्हणाली, "पोरांची देते की. तुझी पण घेऊन जा."

मग जाऊन बसलो. पोलीसबाईनं कडेला बसलेल्या एकीचा दंड धरला, तशा आम्ही सगळ्याच उठून तिच्यामागं गाडीत चढलो.

"तुम्हाला कुणी धरलंय?" ती म्हणाली.

"तिची पात आमच्याकडं हाय," मी म्हणाले. तिला काही कळलं नाही.

संध्याकाळी सोडलं. जाताना बजावलं, उद्या दिसलात तर सोडायचो न्हाई. मजुरीचं कुणी बोललंच नाही.

तुला वाचता येत नव्हतं अव्वा, आणि हे पत्र धाडणार तरी कुठं? मोठ्यानं वाचते आणि तुझ्या खुरप्याखाली ठेवून देते. एकच गोष्ट बायकांना सांगितली नाही. गाडीत चढताना या वयात मी तोंडातल्या तोंडात तुला हाक मारली.

सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी मी भाकरी बांधली आणि जाऊन त्याच जागी बसले.