आडवा हात

दुर्गाघाट, वाराणसी
१ सप्टेंबर १९८७

ती. वासुदेवदादास,
शरदिनीचा नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. इकडे सर्व ठीक. गंगा उतरली, पायऱ्यांवर गाळ आहे. पितृपंधरवड्यात बाबांच्या पक्षाला तुम्ही ग्वाल्हेरहून येताय, खोली झाडून ठेवली.

'बाबांच्या जागी जेवायला वेणीमाधवरावच बसतील. बासुंदी करू, त्यांना पोट मोकळं ठेवायला सांग,' असं तू लिहिलंस. पत्र मी यांना दाखवलं नाही.

मधुमेहाच्या पथ्याने यांचं वजन उतरतंय, हळूहळू. आधी नुसत्या दुधावर राहून पाहिलं. आठवड्यात चेहरा सुकला आणि एका सकाळी ठठेरी बाजारात उभ्याउभ्या जलेबी खाऊन आले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पंडितजी, ऐसा खाइए कि उम्र भर खा सकें." आता दोन पोळ्या, मूग, भाजी, मूठभर भात. दुपारच्या चहाला हात साखरेच्या डब्याकडे जातो. मी भाजलेले चणे पुढे करते. "घोड्याचा खुराक," म्हणतात आणि खातात.

पण हे भिक्षुक. श्राद्धाला जेवणं हेच काम. नाही म्हटलं तर यजमानाचे पितर उपाशी राहतात.

गेल्या वर्षी यांनी पानावर हात आडवा धरला होता. तू बोटांवरूनच बासुंदी ओतलीस. "जावईबुवा, बाबांना नाही म्हणता?" सगळे हसले. मग तू विधीप्रमाणे विचारलंस, तृप्त झालात ना? हे "झालो" म्हणाले.

बाबा साखरेनेच गेले, दादा. आईने शेवटी डबा कुलपात ठेवला होता. तू विसरलास.

दिवाळीनंतर यांच्या पायाला फोड आला. बरा झाला नाही. उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. हे म्हणाले, "दादांना लिहू नकोस. त्यांना वाटेल, आपण दोष देतो." मी लिहिलं नाही.

आज दोष देते आहे. एका जेवणाने बोटं जात नाहीत, हे मलाही कळतं. पण हात आडवा होता.

पक्ष जरूर कर. स्वयंपाक मी करीन, बासुंदीही आटवीन. हे पाटावर बसणार नाहीत. ब्राह्मण मिळाला नाही की त्याच्या जागी दर्भाचा चट ठेवतात. तो मी बांधून ठेवलाय. त्याला हवा तेवढा आग्रह कर. त्याला हात नाहीत.

वहिनीला नमस्कार.

तुझी, अजून सौभाग्यवती,
शरदिनी