सतरा बाकांचे मधले हात

ता. १४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. पत्र पोचलं. भावोजींचा गुडघा कसा आहे? इकडे सगळे ठीक. तुझी भाची दिवसभर बोलते, घरात दुसऱ्या कोणाला तोंड उघडायची सोय नाही. आत्यावर गेलीय म्हणतात.

कामाचं विचारलंस. आपल्या रस्त्यावरचे ओतीव लोखंडाचे जुने बाक आठवतात ना, पाठीवर वेली असलेले? सतराच्या सतरा दुरुस्त करायचं काम मला मिळालं. गंज खरवडला, तुटलेल्या वेली जोडल्या, फळ्या नव्या बसवल्या. काम देणाऱ्या समितीच्या बाईंनी नवीन असं एकच सांगितलं: प्रत्येक बाकाला मधोमध एक हात घाला, म्हणजे कोणी आडवं होणार नाही. नक्षी मात्र जुन्यासारखी हवी. मीही हौसेने अशी घडवली की जुनं कुठलं, नवं कुठलं ते कळू नये. लोक येऊन फोटो काढतात.

दादाचं तू तिसऱ्यांदा विचारलंस. मागच्या दोन्ही पत्रांत मी गुडघ्याच्या तेलावर पान संपवलं. आता लिहितो.

तो मला दिसला होता. तीन आठवडे झाले. सकाळी कामाला गेलो तर बसस्टॉपजवळच्या बाकावर झोपलेला. मुकादमाने उठवलं, "आजोबा, उठा, काम करायचंय." माझ्याहून सहाच वर्षांनी मोठा, आणि आजोबा. उठला, चादरीची घडी घातली. मी ओळखलं. पण तोवर तोंडावर वेल्डिंगचा मुखवटा चढवला होता, तो काही वर केला नाही. लाज वाटली, ताई. मुकादम आणि बाईंसमोर हा माझा भाऊ म्हणायची लाज वाटली. दारूपायी मी त्याला वर्कशॉपमधून हाकललं तेव्हाही असाच चार माणसांचा विचार करत होतो.

मी त्याच बाकाला मधला हात जोडायला घेतला. तो मागे उभा राहून बघत होता. मग म्हणाला, "डावीकडचा सांधा कच्चा राहिलाय. घासून परत टाका मार." मला शिकवायचा ना, अगदी त्याच आवाजात. आणि मी काय करावं? सांधा घासला, परत टाका मारला, चांगला पक्का केला. मान वर केली तर तो गेलेला.

तेव्हापासून स्टेशन, दवाखाने, निवारे, सगळं पालथं घातलं. एका निवाऱ्यात असा कोणी आठवडाभर होता म्हणे, फार खोकायचा. कुठे गेला विचारलं तर तिथला माणूस म्हणाला, "जाणारे सांगून जातात होय?" थंडी वाढत चाललीय.

तू त्याच्यासाठी मागची खोली रंगवून घेतलीस. ती अडवून ठेवू नकोस. तो सापडेल असं मला वाटत नाही, आणि सापडला तरी माझ्याबरोबर यायचा नाही. माझं काम तो हजारात ओळखतो, ताई. मुखवट्याआड कोण आहे ते त्याला कळलं होतं. तरी त्याने मला नावाने हाक मारली नाही. चारचौघांत माझी लाज राखली आणि निघून गेला.

भावोजींना नमस्कार. उत्तर पाठवायचं की नाही ते तू ठरव.

तुझा उरलेला भाऊ