धोंडुआत्यास, तिसरं लाल कार्ड न मिळाल्याबद्दल

मंगळवार पेठ, कोल्हापूर
सोमवार

ती. धोंडुआत्यास,

सयाजीचा साष्टांग दंडवत (गुडघा सुजलाय, त्यामुळे सध्या कागदावरच). तुझी कंबर काय म्हणते? म्हैस व्याली का? नेसरीत सगळे खुशाल आहेत असं धरून चालतो.

आत्या, तुझे उपकार कसे फेडू? यंदा माझी दोन लाल कार्डं झाली होती. तिसरं मिळालं तर संघातून नाव कायमचं कमी, असं आमच्या कोचनी, पिराजी सरांनी, सगळ्या पोरांसमोर सांगितलं होतं. फुटबॉल गेला तर माझ्याजवळ राहतं काय? (बी.कॉम. राहतं, पण ते कुणाला दाखवण्यासारखं नाही.) पेठेत मला सगळे तापट म्हणतात. मॅचच्या सकाळी मी पाच वेळा संडासला जातो हे एकट्या तुला माहीत. म्हणूनच दिवाळीत धार काढता काढता तू म्हणालीस, "तू रागीट न्हाईस रं, भित्रा हाईस. अंगावर येईल त्याला पावणं म्हण आन् जेवलासा का इचार. पावण्यावर कोण पाय उचलतंय व्हय?" तेव्हा मी हसलो होतो. माफ कर.

काल सेमीफायनल होती. मी बचावाला आणि समोर त्यांचा स्ट्रायकर, कागलचा विश्वजित (दारातून तिरकाच आत येत असेल, एवढा रुंद). दहाव्या मिनिटाला त्यानं माझ्या बरगडीत कोपर घातलं. डोकं सणकलं, पाय उठला, पिराजी सरांनी डोळे मिटून घेतले, आणि तोंडातून निघालं, "पावणं, जेवलासा का?" तो जागीच थांबला. "सकाळपास्नं काय न्हाय गा. मॅच असली की पोटात गोळाच येतोय," म्हणाला. एवढा धिप्पाड माणूस, आणि त्याचंही माझ्यासारखंच! माझा राग कुठं गेला कळलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी अख्खी मॅच मजेत खेळलो. सरांनी पाठ थोपटली. माझं नाव संघात राहिलं ते केवळ तुझ्यामुळं, आत्या. हे मी कधी विसरणार नाही.

तुझा,
सयाजी

ता. क. मॅच आम्ही हरलो. दोन्ही गोल विश्वजितचे. दुसरा तर मी त्याच्या आईची तब्येत विचारत असताना.

आणखी एक ता. क. जेवायचं विचारलेलं त्यानं मनावर घेतलंय. येत्या रविवारी संघ घेऊन येतोय. आमच्या आईनं साफ सांगितलं, "आपल्यावर दोन गोल घातलेल्याला माझ्या घरात पाणी बी मिळणार न्हाय." म्हणून मी तुझा नेसरीचा पत्ता दिलाय. अठरा जण आहेत. तांबडा-पांढरा दोन्ही रस्से कर आणि विश्वजितला आधी वाढ. पुढच्या बुधवारी फायनल आहे, आणि त्यानं आत्तापासूनच जेवण सोडलंय.