विहिरीवरचा फळा
चोपडा, मंगळवार, संध्याकाळ

साहेबांनी आज मला नानांचा फळा उतरवायला पाठवलं. नानांच्या केळीच्या बागेतलं आमच्या कंपनीचं यंत्र मातीतली ओल मोजून त्यांच्या फोनवर आकडा पाठवतं. वर्गणी ज्याची त्याने भरायची, हा कंपनीचा नियम. आणि नाना तो आकडा रोज सामाईक विहिरीवरच्या फळ्यावर खडूने लिहितात! विहिरीचे बाकीचे चौघे वाटेकरी वर्गणी न भरता फळा बघूनच मोटार लावतात, नाहीतर बंद ठेवतात.

"पानी बठ्ठासनं शे, मंग आकडा एकला मनाच कसा?" नाना म्हणाले. पाणी सगळ्यांचं, मग आकडा एकट्या त्यांचाच कसा, हा त्यांचा सवाल.

पत्रकांवर 'पाणी वाचवा' छापतो आम्ही, आणि खरं पाणी वाचवतोय तो फळा.

नानांचा चष्मा घरी राहिला होता. त्यांनी खडू माझ्या हातात दिला.

साहेबांना आता काय सांगू? आजचा आकडा माझ्याच अक्षरात आहे.