सरकवलेले डोंगर आणि खुणांची वही

लिहून ठेवते मी, करुणा पोपट ओव्हाळ, वय वर्षे सव्वीस, शिक्षण बी.एस्सी. वनस्पतिशास्त्र, व्यवसाय नोकरी, राहणार केडगाव स्टेशन, तालुका दौंड, जिल्हा पुणे, ते असे की, माझी बुद्धी ठिकाणावर आहे, मला कोणी दाब दिलेला नाही, कोणी फूस लावलेली नाही. फक्त जीव जागेवर नाही. परवा मंगळवारी पुण्यात माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखे काही नाही. हे ते तीनदा म्हणाले, म्हणून मी लिहायला बसले.

दौंडला वकीलसाहेबांच्या ऑफिसात मी चार वर्षे टायपिंग करते. दुसऱ्यांची मृत्युपत्रे टाईप करून करून नमुना पाठ झाला आहे. आमचे जुने कारकून भिमाजीकाका यांनी हा मसुदा पाहिला आणि म्हणाले, "पोरी, तुझ्या वयात लग्नपत्रिका छापत्यात." मी म्हणाले, "काका, साक्षीदार दोन्हीला लागतात."

१. माझ्या नावावर घर नाही, जमीन नाही. बँकेत जे असेल ते आई ताईबाई हिचे. पुस्तके विहारातल्या वाचनालयाला द्यावीत. पदवीचे प्रमाणपत्र फ्रेम करून आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, गुऱ्हाळावर नेले होते, बरोबरच्या कामगारांना दाखवायला. आमच्या घरात त्याआधी दहावीच्या पुढे कोणी गेले नव्हते. त्या काचेवर काकवीचा एक डाग पडला आहे. तो पुसू नये. फ्रेम आप्पांकडेच राहील.

२. ब्रश, रंगांच्या ट्यूबा आणि दोन पॅलेट इमाममामांना द्यावीत. ते स्टेशनसमोर गाड्यांच्या नंबरप्लेटी आणि दुकानांच्या पाट्या रंगवतात. ब्रश धरायला मी त्यांच्याकडे शिकले. "आधी ब्रश धू, मंग हात धू. उलटं केलंस तर ब्रश रुसतो," असे ते सांगत. माझा पहिला खंड्या पाहून "फोटो काढायला मोबाईल हाय की" असेही तेच म्हणाले होते. ते वाक्य मी विसरलेले नाही, तरी ब्रश त्यांचेच.

३. कॉलेजात ज्या सरांनी माझी सदाफुलीची आकृती छापील चित्र चिकटवल्यासारखी दिसते म्हणून गुण कापले, त्यांना मी काही देत नाही. ती मीच काढली होती, एवढे त्यांना कळवावे.

४. चित्रे. एकूण त्रेचाळीस आहेत, पत्र्याच्या पेटीत. त्यांतली सोळा फुलांची. ती जशी दिसली तशी काढली आहेत, त्यांत काही खोटे नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशी जेवणावळ घालू नये, विहारात ही सोळा चित्रे लावावीत आणि ज्याला जे आवडेल ते त्याने घरी न्यावे.

उरलेली सत्तावीस गावाबाहेरच्या तांबड्या माळावरच्या प्राण्यापक्ष्यांची आहेत. खोकड, धाविक, माळटिटवी, एकदा दिसलेला लांडगा. प्राणी खरे आहेत. त्यांच्या मागचे डोंगर, झाडे, ओढे खोटे आहेत. ते मी मुद्दाम सरकवले. का, ते इथे लिहिणे भाग आहे.

पाच वर्षांपूर्वी मी माळाच्या कडेच्या घळीत शृंगी घुबडाच्या घरट्याचे चित्र काढले. तीन पिल्ले होती. मागे फुटका सिमेंटचा पाइप आणि वाकडा पळस, जसा आहे तसा, फांदीन् फांदी. माझा भाऊ संघर्ष तेव्हा सतरा वर्षांचा होता. त्याने त्या चित्राचा फोटो काढून मोबाईलवर स्टेटस ठेवले: आमच्या आक्कानं काढलंय. गाव लिहिले नव्हते, जागा लिहिली नव्हती. लिहायची गरजच नव्हती, तो पाइप इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. पुढच्या अमावास्येनंतर मी गेले तर घरट्यात पिल्ले नव्हती. खाली थोडी पिसे होती आणि एक कापलेले लिंबू.

मी घरी येऊन संघर्षला म्हणाले, "तूच विकलीस असं समज." तो जेवत होता. ताट तसेच ठेवून उठला. त्यानंतर मी त्याला एकही चित्र दाखवलेले नाही. हा माझा सर्वांत जुना राग आहे आणि तो चुकीच्या पत्त्यावर आहे, हे मला पहिल्यापासून माहीत होते. बाबासाहेबांचे फोटो भिंतीवर लावणाऱ्या घरात वाढून मी करणीसाठी घुबडे विकणाऱ्या अमावास्येच्या बाजाराचा विचार केला नाही. जागा मी दाखवली. संघर्षने फक्त कौतुक केले.

ते चित्र या पेटीत नाही. तेव्हापासून मी कोणत्याही प्राण्यामागे त्याचा स्वतःचा डोंगर काढत नाही.

५. आता तांबड्या माळावर मुरूम काढायला परवानगी मागितली गेली आहे. कागदात वाक्य आहे, "सदर क्षेत्रात वन्यजीवांचा वावर आढळून येत नाही." असली वाक्ये मी रोज टाईप करते, पण हे एक वाक्य मी तसे जाऊ दिले नाही. मी हरकत लिहिली, सत्तावीस चित्रे जोडली आणि सुनावणीला घेऊन गेले. आमच्या आळीतले गेणबाआबा, ज्यांची हयात माळावर मेंढरांमागे गेली, त्यांनी एक चित्र हातात घेऊन बराच वेळ पाहिले.

"पोरी, खोकड झ्याक काढलंय. पर भुलेश्वराचा डोंगर हितं कवा आला? चालत आला का यष्टीनं?"

सगळे हसले. आबाही हसले, वाईट मनाने नाही. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी मात्र कागदावर लिहून घेतले, "सादर केलेली चित्रे काल्पनिक आहेत." वाचवण्यासाठी सांगितलेले खोटे आता माळाच्याच विरुद्ध पुरावा झाले. येत्या शुक्रवारी, २१ तारखेला, स्थळपाहणी आहे. त्या दिवशी मी अतिदक्षता विभागात असेन, किंवा नसेन.

६. खऱ्या जागा एका वहीत आहेत. निळ्या पुठ्ठ्याची, शंभर पानी. प्रत्येक चित्राचा क्रमांक, तारीख, वेळ, पावले मोजून काढलेला नकाशा. खोकडाचे बीळ, आत चार पिल्ले, गेल्याच रविवारी बाहेर आलेली. ही वही साहेबांच्या फाइलीत लावली तर माळ वाचेल, पण फाइल कोणीही नक्कल मागून वाचू शकतो. नक्कल कशी मागतात ते मला चांगले ठाऊक आहे. जाळली तर बिळे सुरक्षित राहतील, शुक्रवारपर्यंत. मग मशीन येईल. आठ दिवस मी ही वही उशाशी ठेवते, पेटीत ठेवते, पुन्हा बाहेर काढते. आप्पा म्हणाले, "काय गं, मांजरीनं पिल्लं हलवावीत तसं चाललंय तुझं."

~~माझ्या पश्चात ही वही माझा भाऊ संघर्ष पोपट ओव्हाळ यास मिळावी. अटी: (अ) फोटो काढू नये. (आ) कोणास वाचू देऊ नये. (इ) पाहणीच्या दिवशी फक्त एकच जागा दाखवावी. (ई) स्टेटस ठेवू नये. (उ)~~

वरील कलम मी स्वतःच्या हाताने खोडले आहे. खाडाखोडीचे कारण देण्याची ऑफिसात पद्धत आहे, म्हणून देते.

आज दुपारी मी (उ) लिहीत असताना संघर्ष आला. तो पोकलेन चालवतो, मुरमाच्याच कामावर. हाताला ग्रीस होते. मी झाकायच्या आत त्याने उभ्या उभ्या कलम वाचले.

"म्हंजी तू मेल्यावर माझ्यावर विश्वास ठेवणार?"

"तसं नाही."

"मंग कसं? जित्तेपणी न्हाई, मेल्यावर हाय. वर पाच अटी. एवढ्या अटी तर आमचा शेठ पण घालत न्हाई."

मी म्हणाले, "तू मशीनवर आहेस. उद्या माळ खोदायला तुलाच बोलावतील."

"म्हणूनच बीळ कुठं हाय ते मला म्हाईत पायजे, आक्का. दुसऱ्या कुणाला बोलावलं तर त्याला काय, मुरूम दिसंल निस्ता."

 मग तोच पुढे म्हणाला, "साहेबाला कागद कशाला द्यायचा? साहेबाला चालवायचं. म्या पुढं, ते मागं. पिल्लं डोळ्यानं बघितली की त्येंनीच पंचनाम्यात लिहायचं, पिल्लं दिसली म्हणून. वही माझ्या खिशात. फायलीत काय लावायचं न्हाई."

"आणि त्यांनी जागा कोणाला सांगितली तर?"

"तर सांगितली," तो म्हणाला. "तू पळस काढलास तवा तुला तरी कुठं म्हाईत होतं?"

 भीती गेलेली नाही. पण मृत्युपत्र माणूस मेल्यावरच बोलते, आणि मला हे जिवंतपणी करायचे आहे. म्हणून वही मी आजच त्याच्या हातात दिली. ती आता माझी मिळकत नाही, तिच्याबद्दल या कागदात काही लिहिण्याचा मला अधिकार उरलेला नाही. त्याने हात धुऊन घेतली. पहिले पान उघडून त्याने विचारले, "ही शेहेचाळीस पावलं तुझी का माझी?" मी म्हणाले, "माझी." तो म्हणाला, "मंग माझी चाळीस."

७. सत्तावीस चित्रे आहेत तशीच ठेवावीत. त्यांच्या मागचे डोंगर कोणी दुरुस्त करू नयेत.

८. मृत्युपत्रातून ज्याला काही मिळते त्याची साक्ष घ्यायची नाही, अशी वकीलसाहेबांची शिस्त आहे. सकाळी मी दुसरा साक्षीदार म्हणून शेजारच्या साखरबाईंना सांगून ठेवले होते. त्यांना आता तसदी नको.

हा कागद मी खालील दोघा साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला, खोडलेल्या ओळींसह. त्यांच्यासमोर मी सही केली आणि माझ्यासमोर त्यांनी केली. बरी होऊन आले तर हा रद्द करून नवा लिहीन, तोवर हाच खरा.

ठिकाण: केडगाव स्टेशन
दिनांक: १६ मार्च २०२५, रविवार

सही: करुणा पोपट ओव्हाळ

साक्षीदार १: भिमाजी दगडोबा शितोळे, वय ६१, कारकून, राहणार दौंड

साक्षीदार २: संघर्ष पोपट ओव्हाळ, वय २२, पोकलेन ऑपरेटर, राहणार केडगाव स्टेशन. सदर मृत्युपत्रान्वये यांस काहीही मिळत नाही.