मिरीचा वास

अण्णा, आज मी कळवणकडच्या डोंगरउतारावरच्या बागेत होते. तुम्ही ती बाग पाहिलेली नाही. तुम्ही गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी तिथे वेली लावल्या. रात्री तिथे इतकं गार पडतं, की खालची द्राक्षं उतरून झाली तरी तिथली पिकायचीच असतात. अशा गारव्यात पिकलेल्या काळ्या द्राक्षांच्या वाइनला मिरीसारखा वास येतो, म्हणून तर मालकांनी एवढ्या उंचावर बाग केली. तिथली पहिली लाल वाइन आज पिंपातून काढली. बाटल्या भरायच्या की थांबायचं, ते मी सांगायचं होतं. वाइन चाखणं हीच माझी नोकरी आहे.

मी ग्लास फिरवला, नाकाशी नेला. काहीच नाही. पावसाळ्यात ताप येऊन गेला तेव्हापासून मला वास येत नाही, हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. घोट घेतला. आंबट कळलं, जिभेला कोरडं पडलं ते कळलं, गार कळलं. एवढंच. मालक माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हणाले, "मिरी छान आलीय."

तुमच्या कानांचं असंच झालं होतं ना? सातपूरच्या कारखान्यात पत्र्याच्या प्रेसवर काम करून करून ते गेले आणि तुम्ही कुणाला सांगितलं नाही. समोरचा बोलायचा थांबला की तुम्ही मान हलवायचात. आई स्वयंपाकघरातून मोठ्याने हाक मारायची, तर म्हणायचात, "ओरडू नकोस, येतंय मला ऐकू." मला नोकरी लागली त्या दिवशी तुम्ही ओट्याशी उभे राहून चहा पीत होतात. घरात दारूचं नाव काढायची सोय नव्हती. मी भीत भीत म्हणाले, "अण्णा, वाइनरीत लागले." तुम्ही हसलात, माझ्या डोक्यावर हात ठेवलात. मला रडूच आलं. मग काही दिवसांनी शेजारच्या काकू विचारतात, "तुझ्या नर्सरीत मोगरा मिळेल का गं? अण्णा सांगत होते." आईने आणि मी ते तसंच राहू दिलं. मी मोगऱ्याचं रोप विकत आणून काकूंना दिलं आणि तुम्ही गल्लीभर सांगत फिरलात, पोरीच्या नर्सरीतलं आहे म्हणून.

आज लॅबमधली माझी सहकारी हळूच म्हणाली, "अगं, याला अंड्यासारखा वास येतोय. तुला नाही येत?" हा दोष हवा दिली की बहुतेक वेळा जातो, पण ग्लास नाकाशी नेल्याबरोबर तो कळायला हवा. मी पुन्हा वास घेतला, पुन्हा घेतला, जोर लावला की येईल असं वाटून. शेवटी ग्लास खाली ठेवला. म्हणाले, "मला वासच येत नाही. पावसाळ्यापासून."

मालक रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, "डॉक्टर काय म्हणतात?"

"वाट बघा म्हणतात."

"मग बघू या वाट. तोवर चाखायचं काम ह्या करतील."

त्यांनी ग्लास तिच्या हातात दिला. सगळे तिच्याभोवती उभे राहिले आणि ती एकेक वास सांगू लागली. मी बाजूला उभी होते. हात कुठे ठेवावेत तेही कळत नव्हतं.

आता बागेबाहेर गाडीत बसून हे लिहितेय. वास परत येईल की नाही, कुणी सांगत नाही. नाही आला तर मी काय करू, अण्णा? मला दुसरं काही येत नाही.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही. तुमची रोज आठवण येते, असं आधी लिहिलं होतं. ते खोडलं. वर्षानुवर्षं येत नाही. आज आली, सगळे माझ्याशी मला ऐकू येत नसल्यासारखे सावकाश, शब्द तोडून तोडून बोलायला लागले तेव्हा.